बँकांची मालकी आणि जर्मनीचा अनुभव

इंग्लंडमधील गिरणीमालकाने बव्हंशी स्वतःच्या नफ्यातून उद्योग वाढविला. उशिरा निघालेल्या जर्मनीला तेवढी सवड नव्हती. 1870 मध्ये स्थापन झालेल्या डॉइच बँकेसारख्या मोठ्या बँकांनी पोलाद, कोळसा, वीज या उद्योगांना भांडवल पुरविले आणि कंपन्यांच्या देखरेख मंडळांवर आपली माणसे बसविली. उद्योग वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कोणता वाढावा, हे मूठभर धनको ठरवू लागले. बर्लिनच्या सहा बँका ताब्यात घेतल्या की प्रमुख उद्योग समाजाच्या हाती येतील, असे समाजवादी हिल्फरडिंग यांनी 1910 मध्ये मांडले. मला ते अपुरे वाटते. 1931 च्या संकटात ड्रेस्डनर बँकेचे बहुतांश भागभांडवल सरकारकडे आले. कर्ज कोणाला द्यावे, हा निर्णय मात्र कामगारांपर्यंत पोहोचलाच नाही आणि 1937 मध्ये नाझी राजवटीने ती बँक पुन्हा खासगी भांडवलदारांच्या स्वाधीन केली.