कोळ्यांच्या भरवशावर

तळघरात कोळिष्टकं लोंबताहेत आणि कुणी केरसुणी फिरवायची नाही, हा नियम ऐकून कित्येक घरांत आजीचा जीव खालीवर होईल; पण स्पेनच्या रिओहा प्रांतात, आरो गावी, लोपेस दे एरेदिया घराण्यानं आपल्या वाइनरीतली जाळी मुद्दाम राखली आहेत. बुचं पोखरणाऱ्या किड्यांचा फडशा कोळीच पाडतात, मग फवारणी कशाला? १८७७ साली राफाएल लोपेस दे एरेदिया यांनी उभारलेला हा धंदा आज त्यांची पतवंडं सांभाळतात. एब्रो नदीच्या वळणावर त्यांचा तोंदोनिया हा द्राक्षमळा आहे. तेम्प्रानियो, गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो ही त्या मुलखात रुजलेली द्राक्षं. ओकचं लाकूड अमेरिकेचं, पण पिंपं घरच्याच कारखान्यात घडतात. ‘ग्रान रेसेर्वा’ लाल वाइन किमान दोन वर्षं पिंपात मुरवावी असा रिओहाचा नियम. इथं ती सुमारे दहा वर्षं मुरते. मधूनमधून हातानं एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, गाळ मागे राहतो, आणि शेवटी अंड्याच्या पांढऱ्या बलकानं ती नितळ करतात. इतकी वर्षं भांडवल अडकवून ठेवायचा धीर नफ्याच्या तिमाही हिशेबात बसत नाही. तो घरच्या धंद्यातच टिकतो. पण म्हणून या मंडळींना जुनाट म्हणणं साफ चूक आहे. झाहा हदीद यांच्यासारख्या धाडसी वास्तुविशारदाकडून वाइनरीच्या दारातलं दालन घडवून घेतलं, तेही याच घराण्यानं.