राणीछाप

राजाची तसबीर दागिन्यात जडवून मानाने अंगावर मिरवण्याची चाल आपल्याकडे मोगल दरबारात रुजली. १६१६ मध्ये जहांगीराने इंग्रज वकील टॉमस रो याला सोन्याच्या साखळीतली आपली तसबीर दिली. तिला खाली एक मोती लटकत होता. बादशहाने दिल्यावाचून ती कोणाला घालता येत नसे. सरदारांना मिळे ती लहानशी सोन्याची चकती, पागोट्याला अडकवायची. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या स्त्रिया चौथ्या जॉर्जच्या काळापासून हिऱ्यांच्या कोंदणातले राजाचे लघुचित्र रेशमी फितीवर लावत आल्या आहेत.

असाच चेहऱ्याचा दागिना भंडारा जिल्ह्यातही घरोघरी आला. भंडारा हा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. त्यांच्या रुपयावर चेहरा नव्हता, मोगल बादशहा अहमदशहाच्या नावाची फारसी अक्षरे होती. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले आणि घराण्याचे जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात विकले. राज्य घेण्याला निदान कायद्याचा बुरखा होता. राण्यांचे दागिने विकणे ही उघड लूट होती.

भोसल्यांचे जवाहीर असे पांगले. जिल्ह्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला तो परक्या राणीचा चेहरा, आणि तो आला रुपयावरून. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चौथ्या विल्यमच्या चेहऱ्याचा रुपया पाडला, १८४० पासून त्यावर व्हिक्टोरिया आली, १८६२ पासून मुकुट घातलेली. वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. सोनार वरच्या कडेला कडी डाकून देई आणि रुपये माळेत ओवले जात. वर्षानुवर्षे अंगावर घासून राणीचा गाल आणि केसांची वीण गुळगुळीत होते, कारण उठावाचा भाग आधी झिजतो. काठाच्या आडोशाने अक्षरे मात्र टिकतात. सासूकडून सुनेकडे जाणारी ही माळ राजघराण्यातल्या तसबिरीइतकीच मानाची वस्तू आहे. लक्ष्मीपूजनाच्या ताटातही हेच राणीछाप रुपये मांडतात. ते मोडीत घालून नवी चांदी घेणारे घर चांदीचा भाव मिळवते आणि आजीच्या गळ्याची खूण गमावते.

१९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया निकेलचा निघाला आणि १९५० पासून राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.