फुलांचं पॅकेज

लगीनसराई जवळ आली की आमच्या हापिसातल्या निम्म्या लोकांच्या ब्राउझरमध्ये कामाच्या टॅबशेजारी पिंटरेस्ट उघडं असतं. पेस्टल मंडप, पांढरे ऑर्किड, छतावरून उलटी लोंबणारी बाग. मग एके दिवशी डेकोरेटरचं कोटेशन येतं आणि मंडळी दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

त्या कोटेशनमध्ये 'फ्लोरल डेकोर' नावाची एकच ओळ असते. पुढे आकडा. किती किलो, कुठलं फूल, किती दांड्या, काही नाही. च्यायला, हेच आपण हापिसात चालवून घेऊ का? एखाद्या व्हेंडरने 'इतर कामे' असं लिहून एकूण बिलाच्या निम्मी रक्कम लावली, तर आपण त्याला तीन मीटिंगांत सोलून काढतो. आणि इथे वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड त्या एका ओळीत जातो, तरी आपण विचारतो काय, तर "पेस्टलमध्ये पीच शेड मिळेल का?"

माझं म्हणणं सरळ आहे. लग्नातली फुलं पॅकेजमधून बाहेर काढा. मंडप, पडदे, दिवे मांडववाल्याकडून घ्या, ते त्याचं काम आहे. फुलं मात्र बाजारातून स्वतः आणा आणि घरी ओवा. पैसे वाचतात हे खरंच, पण मुख्य म्हणजे लग्नात फुलं येतात. आत्ता बऱ्याच लग्नांत ती येतच नाहीत.

विदा देतो. माझ्या मावसबहिणीचं लग्न आमच्या संभाजीनगरात (मामांच्या तोंडी अजून औरंगाबादच) बीड बायपासवरच्या एका लॉनवर झालं. मार्गशीर्षातला मुहूर्त. डेकोरेटरने सांगितले 1,85,000. मी फोड मागितली. द्यायला आठ दिवस लावले आणि दिली तेव्हा त्यात ताज्या फुलांचे निघाले 22,000. बाकी सगळं भाड्याचा सांगाडा, कापड, दिवे, मजुरी, आणि 'आर्टिफिशियल फ्लोरल वॉल'. म्हणजे प्लास्टिक. साहेबांचं उत्तर होतं, "सर, आजकाल रिअल फ्लॉवर कोण घेतं? फोटोत फरक दिसत नाही."

फोटोत दिसत नाही हे अगदी कबूल. आजी स्टेजवर चढते तेव्हा दिसतो. वास येत नाही ना.

शेवटी आम्ही पडदे आणि दिवे मांडववाल्याकडून घेतले, 28,000 ला. फुलांचा हिशोब असा झाला: झेंडू 40 किलो, साठच्या भावाने 2,400. शेवंती 10 किलो, 1,200. सुटा निशिगंध 6 किलो, 900. गुलाबाच्या 15 गड्ड्या, 2,250. केळीचे खांब आणि आंब्याचा पाला मामांच्या शेतातून, टेम्पोचे 1,500. सुई, दोरा, तार 600. हार ओवणारी चार माणसं एका संध्याकाळीसाठी, प्रत्येकी 800 प्रमाणे 3,200. वरमाला मात्र नेहमीच्या हारवाल्याकडून, जोडी 1,500. एकूण 13,550. पडदे-दिवे धरून 41,550.

आता कुणीतरी म्हणणारच, "तुम्हाला वेळ होता बुवा, आम्हाला नसतो." ठीक आहे, वेळेचाही हिशोब करू. एका किलोत मध्यम आकाराची साधारण 120 झेंडूची फुलं बसतात. देठ काढून मधोमध ओवली तर एक फूल तीनेक सेंटिमीटर जागा घेतं. म्हणजे किलोला अकरा-बारा फूट माळ, चाळीस किलोला साडेचारशे फूट. लॉनची कमान, स्टेजच्या कडा आणि जेवणाच्या हॉलचा दरवाजा धरून तेवढी पुरते. शिकाऊ माणसाला किलोमागे अर्धा तास लागतो, सराईताला त्याच्या निम्मा. आठ माणसं बसली तर दोन-अडीच तासांत काम संपतं. आदल्या रात्री संगीताच्या नाचाची 'प्रॅक्टिस' किती तास चालते, विचारा.

पण या 'घरी करू'मध्ये एक मोठी मेख आहे आणि आंतरजालावरच्या गोड गोड लेखांत ती कुणी सांगत नाही. आपल्याकडे 'घरी करू' याचा अर्थ 'बायका करतील' असा होतो. रुखवत आठवा. सगळं म्हणे घरी केलेलं! करणाऱ्या कोण, तर मुलीची आई, आत्या, काकू, मावशी. रात्र रात्र जागून. ज्यांच्या मुली नोकरीला लागल्या त्यांना हे जमेना, मग रुखवतही तयार मिळायला लागलं आणि भाड्याने आणून टेबलावर मांडलं जाऊ लागलं. त्या बायकांना मी नावं ठेवणार नाही, सुटल्या बिचाऱ्या. फुलांचंही हेच होणार असेल, म्हणजे वहिनी माळा ओवतायत आणि नवरदेवाचे मित्र बाहेर गाडीला टेकून उभे, तर त्यापेक्षा डेकोरेटर बरा. म्हणून आमच्याकडे एकच अट होती: ओवायला आधी पुरुष बसतील. आमचे मामा (पाटबंधारे खात्यातून निवृत्त, उभ्या आयुष्यात सुईला हात लावलेला नाही) तिसऱ्या माळेपासून असे काही सुटले की शेवटी त्यांना जेवायला उठवावं लागलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. "डेकोरेटरच्या पोटावर पाय देता काय?" इथे पोट कुणाचं, ते बघू. हार ओवणारा माळी, पहाटे फुलांचे क्रेट उतरवणारा पोरगा, आणि ज्याच्या शेतातून फूल आलं तो. पॅकेजमधल्या 1,85,000 पैकी फुलांचे म्हणून सगळे मिळून 22,000, त्यातून या तिघांना किती जात असतील? आम्ही फुलं सरळ बाजारातून घेतली आणि ओवणाऱ्यांना हातात पैसे दिले. पोट त्यांचंही आहे.

फूल पिकवणाऱ्याची गोष्ट तर वेगळीच. दरवर्षी दसऱ्या-दिवाळीच्या हिशोबाने झेंडू लागतो, आवक एकदम होते, भाव कोसळतो, आणि सण सरला की बाजाराबाहेर न विकलेल्या फुलांचे ढीग टाकून शेतकरी रिकाम्या गाडीने परत जातो. वर्तमानपत्रात फोटो येतो, आपण हळहळतो. त्यानंतर काही आठवड्यांत तुळशीचं लग्न लागतं, माणसांच्या लग्नाचे मुहूर्त सुरू होतात, आणि त्याच शहरातल्या हॉलमध्ये भिंतभर प्लास्टिकचे गुलाब लागतात.

यात कायद्याचीही एक गंमत आहे. 1 जुलै 2022 पासून केंद्राने एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. सजावटीचं थर्माकोल त्या यादीत होतं, प्लास्टिकचं फूल नव्हतं. फूल उत्पादकांची संघटना त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात गेली. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात हा विषय विधानसभेत आला आणि फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणण्याचं आश्वासन दिलं. चांगलंच आहे. पण हॉलमध्ये प्लास्टिक लावायचं की नाही हे ठरवायला आपल्याला शासन निर्णयाची वाट का बघावी लागते, हे मला समजत नाही. ऑर्डर आपणच देतो ना?

बरं, खरी फुलं आणली म्हणजे झालं, असंही नाही. पिंटरेस्टवरचं स्टेज जसंच्या तसं घरी करायला गेलात तर डेकोरेटरपेक्षा जास्त खर्च येईल आणि वर रडाल. ऑर्किड बाहेरून येतं, जरबेरा आणि लांब दांडीचा गुलाब पॉलीहाऊसचा. त्यांना गारवा लागतो, पाणी लागतं, आणि ती लावायला तो हिरवा फोम लागतो. तो फोमही प्लास्टिकच आहे, चुरा होतो पण कुजत नाही. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोच्या आयोजकांनी 2021 पासून त्यावर बंदी घातली, आणि आपण तो हौसेने विकत आणतोय.

तेव्हा मोसमाचं फूल घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी शेवंती आणि झेंडू. फेब्रुवारी संपता संपता मोगरा सुरू होतो आणि वैशाखातल्या लग्नाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सकाळी कळ्या घ्यायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या, संध्याकाळच्या मुहूर्ताला त्या आपोआप उमलतात. निशिगंध आदल्या रात्री ओवला तरी सकाळी टवटवीत राहतो. अबोलीला वास नाही, पण गजऱ्यात ती दोन दिवस मान टाकत नाही. गुलाब नुसता पाकळ्यांपुरता घ्या. फोमऐवजी तांब्या-कळशीत ओली वाळू भरा आणि दांड्या खोचा, हलत नाहीत. कमानीला केळीचे खांब आणि आंब्याची पानं लावली की निम्मी जागा हिरवी होते आणि फुलं कमी लागतात. झेंडूवर पाणी मारून तो प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, काळा पडतो. टोपलीत पसरून ठेवा. झालं, यापलीकडे यात काही शास्त्र नाही.

'लोक काय म्हणतील' हा आक्षेप राहिलाच. विशेषतः "व्याही काय म्हणतील". साधेपणाने लग्न करणं म्हणजे कमीपणा, ही भीती नवी नाही आणि तिला दिलेलं उत्तरही नवं नाही. आमच्या औरंगपुऱ्यात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. रोज शेकडो गाड्या त्याला वळसा घालून जातात. त्या घराचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबाराला फुलं पुरवायचे म्हणून 'फुले' झाले. म्हणजे श्रीमंतांच्या समारंभांना फुलं कशी आणि किती लागतात, हे त्या घराला पुण्यात कुणापेक्षाही जास्त ठाऊक असणार. आणि त्याच घरातल्या जोतीरावांनी सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, आणि 25 डिसेंबर 1873 ला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं ते भटजी आणि थाटमाट दोन्ही बाजूला ठेवून. सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. आजही सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांत अक्षता म्हणून तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकतात.

जोतीरावांचा मुख्य मुद्दा पुरोहितशाहीचा होता, सजावटीचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण लग्नासाठी कर्जात बुडणाऱ्या शेतकऱ्याबद्दलही त्यांनी लिहून ठेवलंय, आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने, वडिलांना आपल्या लग्नाचा खर्च झेपणार नाही म्हणून, जीव दिला. हुंडा हे त्यामागचं मोठं कारण होतं, एका फुलांच्या भिंतीवर ते ढकलायचं नाही मला. पण लग्न 'कसं दिसायला पाहिजे' ही पट्टी कोण ठरवतं? पगारदार, शहरातले, फोटो टाकणारे. आपण. आपण बायपासवर जे स्टेज उभारतो, त्याचा फोटो रात्रीतून गावाकडच्या चुलतबहिणीच्या फोनवर पोहोचतो, आणि पुढच्या वर्षी तिचे वडील त्याच डेकोरेटरला फोन करतात. तिथे ईएमआय भरायला आयटीचा पगार नसतो, कापसाचा भाव असतो.

म्हणून ज्यांना परवडतं त्यांनीच आधी हे बंद करायला हवं. ज्याला परवडत नाही त्याने साधं लग्न केलं तर लोक त्याला गरीब म्हणतात. पॅकेज पाठवून देणाऱ्या सीनियर मॅनेजरला कुणी गरीब म्हणत नाही. फार तर चक्रम म्हणतील, ते तर हापिसात तसंही म्हणतातच :)

आणि विहीणबाई काय म्हणाल्या म्हणाल तर, त्यांनी आल्या आल्या शेवंतीची एक माळ हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "ही घरी केली का? दोरा कुठला वापरला?" पुढची दहा मिनिटं मावशी आणि त्या केळीच्या खोडाच्या धाग्यावर बोलत होत्या. त्यांच्या माहेरी गजरे त्यात गुंफायचे म्हणे.

असो. ज्यांचे मुहूर्त जवळ आलेत त्यांनी डेकोरेटरला आज एवढंच लिहून विचारा: ताजी फुलं कुठली, किती किलो, काय भावाने, आणि फुलं सोडून बाकीचं किती. उत्तर 'सर, पॅकेजमध्ये आहे' असं आलं तर सुई-दोरा आणायला लागा. लांब सुई आणा, नेहमीची आखूड पडते.