मुलाखतीस जाण्यापूर्वी

दहावीच्या वर्गात दर वर्षी पहिल्या चाचणीनंतर मी मुलांना एक चिठ्ठी लिहावयास सांगते. ‘पुढे काय व्हावयाचे आहे?’ एवढाच प्रश्न असतो. नाव घालण्याची सक्ती नसल्यामुळे उत्तरे बहुधा मनापासून आलेली असतात. शिक्षक, पोलीस, सैनिक, परिचारिका, बँकेतील नोकरी. अलीकडे एखाददुसरा विद्यार्थी ‘कलेक्टर’ असेही लिहितो. मात्र आमच्या भीमपूर परिसरातील बहुतेक घरांच्या चुली जिच्यावर पेटतात, ती शेती त्या चिठ्ठ्यांत मला अद्याप एकदाही आढळलेली नाही. चिठ्ठीच्या मागील बाजूस दुसरा प्रश्न असतो : ‘हे काम करणारा मनुष्य सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो?’ ही बाजू जवळजवळ प्रत्येकाची कोरी राहते.

विद्यार्थी मित्रांनो, या कोऱ्या बाजूविषयीच मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत. आपण व्यवसाय निवडतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः आपण व्यवसायाचे नाव निवडीत असतो. नाव पसंत पडले की त्यासाठी अर्ज करावयाचा, बोलावणे आले की मुलाखतीस जावयाचे, आणि तेथे आपण जे नाही ते आहोत असे भासवावयाचे, असा हा क्रम असतो. मुलाखतीत मुले गोंधळतात ती अभ्यास कमी पडल्यामुळे नव्हे. स्वतःजवळ जे आहे त्याची त्यांना ओळख नसते, किंबहुना त्याची लाज वाटते, म्हणून ती गोंधळतात.

गेल्या वर्षी शाळेत आम्ही लुटुपुटीच्या मुलाखती घेतल्या. एक मुलगा समोर येऊन बसला. नाव सांगितले, गाव सांगितले आणि पुढे गप्प झाला. “तुला काय काय येते?” असे विचारताच तो म्हणाला, “बाई, मला काहीच येत नाही. बाबा शेती करतात.” जणू दुसरे वाक्य हे पहिल्याचा पुरावाच होता! मी त्याला सहज विचारले की, गेल्या हंगामात तुमच्या कापसाला भाव कमी का मिळाला? त्यानंतर मला बोलावयास फारसे उरले नाही. बाजार समितीत यंत्र लावून ओलावा कसा पाहतात. तो आठ टक्क्यांपर्यंत असला तर आधारभूत किमतीस पूर्ण भाव मिळतो, पुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यापलीकडे कापूस महामंडळ माल घेत नाही. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस दोन दिवस वाळविला तर काय फरक पडतो. कवडी कापूस वेगळा का ठेवावा. घाईत असलेला शेतकरी अडत्याकडे का जातो. हे सारे त्याने दहा मिनिटे अडखळल्याविना सांगितले. त्या दहा मिनिटांत वाणिज्य होते, हवामान होते आणि हिशेबही होता. बँकेच्या पीककर्ज विभागाला, जिनिंगच्या कारखान्याला, कृषी खात्याला असा मुलगा हवाच असतो. पण ‘मला काहीच येत नाही’ हे त्याचे पहिले वाक्य ऐकून कोणतीही निवड समिती पुढच्या उमेदवारास आत बोलावील.

हा दोष एकट्या त्या मुलाचा नाही. घरी पाहुणे आले की पालक मुलाचे गुण सांगतात, पण त्याला बैल जुंपता येतो किंवा मुलीला तेलुगूतील सरकारी नोटीस वाचून आजोबांना मराठीत समजावून देता येते, हे कोणी सांगत नाही. ते ज्ञान नव्हे असे आपण ठरवून टाकले आहे.

आता शाखेविषयी. कला शाखा म्हणजे नापास होता होता राहिलेल्यांचा वर्ग, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मी स्वतः कला शाखेची पदवीधर असल्यामुळे मला तो अनेकदा ऐकावा लागला आहे. चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या या मुलाने मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकाविले, १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला, आणि १९४३ मध्ये तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. संस्कृत, वनस्पती आणि चलन यांचा परस्परसंबंध कोणत्याही समुपदेशकाच्या तक्त्यात सापडावयाचा नाही. तेव्हा अकरावीला कोणती शाखा घेतली यावरून आयुष्याचा निकाल लागला असे समजून रडत बसू नये, आणि हर्षभरित होऊन पेढेही वाटू नयेत.

परंतु देशमुखांसारखी बुद्धिमत्ता लाखांत एखाद्यास लाभते, असे तुम्ही म्हणाल. ते खरे आहे. म्हणून त्याच १९४३ सालची, आपल्याच मुलखातील दुसरी हकीकत सांगते. कुमराम भीमांच्या नेतृत्वाखाली जोडेघाट येथे झालेला उठाव १९४० मध्ये मोडून काढण्यात आला. त्यानंतर आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ निजाम सरकारच्या वतीने या जिल्ह्यात आले. आज कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडणारे मारलवाई हे गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. तेथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी मुलांना गोंडीतून शिकवावयाचे तर शिक्षक कोठून आणावयाचे? हैदराबादचा पदवीधर गोंडी जाणणारा नव्हता. तेव्हा ज्या मोजक्या गोंड तरुणांना थोडेबहुत मराठी लिहितावाचता येत होते, त्यांना निवडण्यात आले. त्यांना ज्ञात असलेल्या देवनागरी लिपीतच गोंडी वाचनपुस्तके तयार झाली, आणि ते तरुण शिक्षक होऊन आपापल्या खेड्यांत गेले. काही जण पुढे इतर सरकारी खात्यांतील लहान जागांवरही लागले.

त्या तरुणांची पात्रता कोणती होती? घरची गोंडी आणि शेजारची मराठी. ज्या दोन गोष्टी त्यांना फुकट मिळाल्या होत्या त्याच त्यांच्या उपयोगी पडल्या. भीमपूरच्या मुलाजवळ आज मराठी आहे, शाळेत सक्तीने शिकविली जाणारी तेलुगू आहे, बाजारातली हिंदी आहे, आणि कित्येकांजवळ गोंडीही आहे. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आणि अलीकडे तेलंगण, अशा या कडेच्या मुलखात रुग्णालय, वनखाते, बँक, पोलीस चौकी, यांपैकी कोठेही दुभाष्याविना पान हलत नाही. टिपेश्वरच्या जंगलातून नदी ओलांडून वाघ आपल्या शिवारात येतो. तेव्हा दोन राज्यांच्या वनरक्षकांत आणि भेदरलेल्या शेतकऱ्यांत जो बोलू शकेल, त्याचा उपयोग बंदुकीपेक्षा कमी नसतो. तथापि अर्जात ‘अवगत भाषा’ या रकान्यात आमची मुले दोनच भाषा लिहितात. गोंडी लिहावयास संकोच, आणि तेलुगू ‘चांगली येत नाही’ म्हणून वगळलेली.

कागदपत्रांविषयी पालकांस थोडे कठोर बोलणे भाग आहे. २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तेलंगणातील सरकारी नोकऱ्यांच्या थेट भरतीत ९५ टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी राखीव आहेत, आणि स्थानिक कोण हे मुख्यत्वे पहिली ते सातवीचे शिक्षण कोठे झाले यावरून ठरते. मामाच्या गावी शाळा बरी म्हणून दुसरीतल्या मुलाला नदीपलीकडे पाठविताना हा विचार कोणी करीत नाही. वीस वर्षांनी तो करावा लागतो, तेव्हा वेळ गेलेली असते. दुसरी गोष्ट नावाची. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी, आपल्याकडे ते शेवटी. शाळेच्या दाखल्यावर एक क्रम, आधारपत्रावर दुसरा आणि जातीच्या प्रमाणपत्रावर तिसरेच स्पेलिंग, अशी एका मुलाची तीन माणसे झालेली मी पाहिली आहेत. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलीला केवळ याच कारणाने तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी हे सर्व कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. याला तासही लागत नाही.

भाषेचा प्रश्नही वेळीच जाणून घ्यावा. तेलंगणाच्या गट–१ परीक्षेचे पेपर इंग्रजी, तेलुगू व उर्दू यांत असतात, मराठीत नाहीत. याउलट संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि मुलाखतही मराठीतून देता येते. कर्मचारी निवड आयोगाने २०२३ मध्ये आपल्या एका मोठ्या परीक्षेसाठी तेरा प्रादेशिक भाषा खुल्या केल्या. त्यांत मराठी होती आणि, सांगावयास आनंद वाटतो, माझी कोंकणीही होती. ज्याला या राज्यातच राहावयाचे आहे त्याने आठवीपासून तेलुगूचा तास मधल्या सुट्टीसारखा घालवू नये.

“बाई, आता मुलाखती बंदच झाल्या ना?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. काही अंशी ते खरे आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती रद्द केल्या, आणि तेलंगणानेही २०२२ मध्ये गट–१ व गट–२ च्या मुलाखती काढून टाकल्या. ओळखीपाळखीचा वशिला चालू नये हा त्यामागील हेतू, आणि तो मला मान्य आहे. गरीब घरच्या मुलाला लेखी परीक्षेतच न्याय मिळण्याचा अधिक संभव असतो. पण संघ लोकसेवा आयोगाच्या एकूण २०२५ गुणांपैकी २७५ अजूनही मुलाखतीचेच आहेत. आणि खाजगी शाळा, दवाखाने, दुकाने, कारखाने यांतील नोकरी तर समोर बसून बोलल्याशिवाय मिळतच नाही. आपल्यापैकी बहुतेकांना पहिली नोकरी तेथेच मिळावयाची आहे.

अशा मुलाखतीची तयारी कशी करावी याची पुस्तके पुष्कळ आहेत. स्वच्छ कपडे घालावेत, वेळेच्या आधी पोहोचावे, दार उघडताना परवानगी घ्यावी, हे सारे त्यांत असते व ते योग्यच आहे. जिल्ह्याच्या गावी सकाळी दहाला पोहोचावयाचे तर भीमपूरहून कोणती गाडी धरावी लागेल, हे मात्र त्या पुस्तकांत नसते. ते आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावे. पाठ केलेली उत्तरे नेऊ नयेत. त्याऐवजी आपल्या गावाविषयी, घरच्या कामाविषयी आणि जी नोकरी मागतो तिच्या रोजच्या कामाविषयी पाच पाच मिनिटे साध्या शब्दांत बोलण्याचा सराव करावा. जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणून सांगावे. हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे.

पदवी घेतल्यानंतर एका शिक्षण संस्थेत मी पहिल्या मुलाखतीस गेले होते. आमच्या घरी कोंकणी बोलतात. कापसाच्या व्यापारात कारकून म्हणून वडील आदिलाबादेस आले आणि आम्ही येथलेच झालो. मराठी शिकवावयाची जागा होती, म्हणून अर्जात मातृभाषेच्या रकान्यात मी ‘मराठी’ असे लिहिले. कोंकणी लिहिले तर ‘हिला मराठी कशी शिकविता येणार?’ असे म्हणतील, ही भीती होती. समितीतील एका वृद्ध गृहस्थांनी माझे आडनाव पाहिले, किंचित हसले आणि मला कोंकणीत विचारले, “बाय, तुजें गांव खंयचें?” माझ्या घशातून शब्द फुटेना. कोंकणीत उत्तर द्यावे तर अर्ज खोटा ठरतो, मराठीत द्यावे तर त्या माणसाचा उपमर्द होतो. मी कसेबसे मराठीतच उत्तर दिले. त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

ती जागा मला मिळाली नाही. खोटे लिहिल्यामुळेच मिळाली नाही असे मी म्हणणार नाही. दुसरी उमेदवार कदाचित माझ्याहून सरस असेल. परंतु घरी परतताना बसमध्ये आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तिची भाषा मी एका कागदावरून पुसून टाकली होती, आणि तीसुद्धा कोणी मागितले नसताना. पुढच्या मुलाखतीत मी ‘कोंकणी’ लिहिले. तेथे प्रश्न झाला तो निराळाच : “लग्नानंतर नोकरी सोडाल का?” मुलींनो, हा प्रश्न तुम्हांलाही विचारला जाईल. तो विचारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण विचारलाच तर रागावू नका, ओशाळूही नका. “माझे काम मला चालू ठेवावयाचे आहे,” एवढे सांगून समोरच्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. मी तेच केले, आणि त्या शाळेत चार वर्षे शिकविले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर आपण लुटुपुटीच्या मुलाखती पुन्हा सुरू करणार आहोत. पालकांनीही समितीत बसावयास यावे. कापसाविषयीचे प्रश्न ते माझ्याहून चांगले विचारतील. नमुना अर्ज वर्गशिक्षकांकडे मिळेल. तो घरी नेऊन, मातृभाषेचा व अवगत भाषांचा रकाना आईवडिलांना विचारून भरलेला, असा परत आणावा.