घसरलेली जीभ आणि बेतलेली टवाळी

१७ जून २०१३, सोमवारची सकाळ. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात ‘७९० द झोन’ या क्रीडा रेडिओ केंद्रावर गप्पांचा कार्यक्रम रंगला होता. मध्येच फोनवर एक ‘पाहुणा’ आला. त्याचा आवाज यंत्रातून आल्यासारखा, एकसुरी आणि तुटक. हा पाहुणा म्हणजे स्टीव्ह ग्लीसन, असं सोंग निवेदकांनी आणलं होतं. त्या सोंगाच्या तोंडी घातलेले विनोद मरणावरचे होते. ‘मला आता संपवून टाका’ अशा अर्थाचे. स्टुडिओत हशा पिकला.

खरा ग्लीसन न्यू ऑर्लिन्स सेंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा माजी खेळाडू. २०११ मध्ये त्याला एएलएस झाल्याचं निदान झालं. या आजारात माणसाचे स्नायू एकेक करून काम सोडतात. हात जातात, पाय जातात, वाचा जाते, बुद्धी मात्र बहुतेकदा शाबूत राहते. ग्लीसन नजरेच्या हालचालीनं पडद्यावरची अक्षरं निवडतो आणि यंत्र ती वाचून दाखवतं. त्याच सोमवारी एका मोठ्या क्रीडा संकेतस्थळावर त्यानं असाच लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला होता. निवेदकांनी नक्कल केली ती या आवाजाची.

या प्रकरणाला जुन्या चुरशीचीही किनार होती. २००५ च्या कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स उद्ध्वस्त केलं. तिथलं सुपरडोम स्टेडियम वर्षभरानं, २५ सप्टेंबर २००६ रोजी, पुन्हा उघडलं, तेव्हा सामना होता अटलांटाच्या फाल्कन्स संघाशी. सुरुवातीलाच ग्लीसननं झेप घेऊन फाल्कन्सची किक अडवली, सेंट्सनं गुण वसूल केले आणि स्टेडियम दणाणून गेलं. त्या झेपेचा पुतळा आज स्टेडियमबाहेर उभा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या नायकाची खेचणं हा क्रीडा गप्पांचा नेहमीचा खुराक. पण इथे खेचली गेली ती खेळाडूची नव्हे, आजाऱ्याची. त्याच दिवशी तिन्ही निवेदकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांनी माफी मागितली आणि ग्लीसननं ती मोठ्या मनानं स्वीकारलीही.

अशा प्रसंगानंतर माफीनाम्यात ‘चूक झाली’ हे शब्द हमखास येतात. खरं तर थेट प्रक्षेपणातली चूक आणि ठरवून केलेली टवाळी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच मापानं मोजलं की दोन्हीकडून नुकसान होतं. बेतलेल्या क्रूरपणाला ‘जीभ घसरली’ असं पांघरूण मिळतं आणि ज्याची जीभ खरोखरच घसरली त्याला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं.

जीभ खरोखर घसरते तेव्हा काय होतं, याचं उदाहरणही सकाळच्याच कार्यक्रमातलं आहे. ‘माइक अँड माइक’ हा ईएसपीएन रेडिओवरचा लोकप्रिय कार्यक्रम २००० ते २०१७ अशी सतरा वर्षं चालला. माइक ग्रीनबर्ग हा पत्रकार आणि माइक गोलिक हा धिप्पाड माजी फुटबॉलपटू, अशी ही जोडी. पैज हरल्यावर ग्रीनबर्गला गायीचं दूध काढावं लागलं होतं, असा त्या कार्यक्रमाचा खाक्या. १८ जानेवारी २०१० रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीनिमित्तची सुट्टी होती. भरभर बोलण्याच्या ओघात ग्रीनबर्गच्या तोंडी किंग यांच्या नावाची अशी मोडतोड झाली, की कृष्णवर्णीयांसाठीची एक जुनी शिवी ऐकू आल्यासारखं वाटलं. श्रोते संतापले. ग्रीनबर्गनं त्याच दिवशी खुलासा केला, की आपण फार वेगानं बोलतो, दोन शब्द एकमेकांत अडकले, मनात तसं काहीही नव्हतं. त्यानं माफी मागितली. ईएसपीएननं त्याच्यावर विश्वास ठेवला आणि कार्यक्रम पुढे सात वर्षं चालला.

हा निर्णय योग्यच होता. रोज सकाळी चार-चार तास, समोर संहिता नसताना, श्रोत्यांचे फोन घेत, जाहिराती सांभाळत बोलणाऱ्या माणसाची जीभ कधी ना कधी अडखळणारच. त्या अडखळण्यात विनोदाचा साठाही असतो. न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूएफएएन’ या केंद्राचा दुपारचा दिग्गज निवेदक माइक फ्रान्सेसा २०१२ मध्ये बातमीदार फोनवर बोलत असताना डोळे मिटून बसलेला दिसला. कार्यक्रम त्याच वेळी टीव्हीवरही दाखवला जात होता, त्यामुळे ती डुलकी सगळ्यांनी पाहिली. आपण झोपलोच नव्हतो, असं फ्रान्सेसा ठामपणे सांगत राहिला आणि लोक आणखी हसले. त्यात कुणाचंच काही बिघडलं नाही.

क्रीडा रेडिओच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली फजिती क्रिकेटची आहे. ९ ऑगस्ट १९९१, ओव्हलवर इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडीज. कर्टली अँब्रोसचा उसळता चेंडू खेळताना इयन बोथमचा तोल गेला. यष्ट्यांवर पडू नये म्हणून त्यानं पाय उचलून पलीकडे टाकायचा प्रयत्न केला, पण मांडी बेलला लागली आणि तो हिट विकेट झाला. खेळ संपल्यावर बीबीसीच्या ‘टेस्ट मॅच स्पेशल’मध्ये ब्रायन जॉन्स्टन आणि जोनाथन अ‍ॅग्न्यू दिवसाचा आढावा घेत होते. बोथमच्या पायाबद्दल अ‍ॅग्न्यू एक वाक्य बोलून गेला. इंग्रजी बोलीत त्याचा चावट अर्थही होत होता. जॉन्स्टन तेव्हा ७९ वर्षांचे. त्यांनी हसू दाबून धावफलक वाचणं चालू ठेवलं, फलंदाज लॉरेन्सपर्यंत कसेबसे पोहोचले आणि मग आवाजच फुटला. अ‍ॅग्न्यूला लटकं रागावता रागावता त्यांना श्वास घेणंही अवघड झालं. अ‍ॅग्न्यूला तर बोलताच येईना. कितीतरी सेकंद राष्ट्रीय प्रसारणावर फक्त दोन माणसांचं दाबलेलं हसू ऐकू येत होतं.

त्या हशाला तीस वर्षं उलटून गेली, तरी लोक तो पुन्हा पुन्हा ऐकतात. त्याचं कारण सरळ आहे. फजिती झाली ती बोलणाऱ्यांचीच. जॉन्स्टन यांची शिस्त आणि त्यांचं न आवरणारं हसू यांची झटापट श्रोत्याला कानानं दिसत होती. बोथमचं नाव निघालं खरं, पण तो मैदानावरचा दादा खेळाडू. त्याच्या बाद होण्यावर हसल्यानं त्याचं काही कमी होणार नव्हतं. रेडिओचा खरा विनोद असा घडतो, तो लिहून आणता येत नाही.

हे जिवंतपण जपायचं, तर प्रत्येक घसरणीवर नोकरी घालवण्याची मागणी थांबायला हवी. नाहीतर निवेदक कागदावरचं वाचू लागतील आणि सकाळचा रेडिओ निर्जीव होईल.

पण मग रोखायचं काय आणि कसं? अमेरिकेत त्यासाठी यंत्र आहे. थेट कार्यक्रम काही सेकंद उशिरानं हवेत सोडला जातो आणि निर्मात्यासमोर एक बटण असतं. शिवी आली की बटण दाबायचं, तेवढा तुकडा गळून पडतो. सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत अश्लील मजकुरावर तिथल्या नियामकाची बंदी आहे, आणि २००६ मध्ये दंडाची कमाल रक्कम दहापट वाढवून ३ लाख २५ हजार डॉलर करण्यात आली. त्यामुळे शिव्यांच्या बाबतीत केंद्रं जागरूक असतात. मात्र अटलांटातल्या त्या सोंगात बटण दाबावं असा घाणेरडा शब्द शोधावा लागला असता. यंत्राला शब्द कळतो, तो कुणाच्या जिव्हारी लागणार हे कळत नाही. ते कळणारा माणूसच स्टुडिओत हवा, आणि ‘हे आज होणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा.

त्या माणसाच्या वर बसलेल्या मालकांचं काय, हा प्रश्न डॉन आयमस प्रकरणानं २००७ मध्येच विचारला होता. ‘डब्ल्यूएफएएन’ हे १९८७ मध्ये सुरू झालेलं, चोवीस तास खेळांना वाहिलेलं पहिलं केंद्र. त्याची सकाळ वर्षानुवर्षं आयमसच्या ताब्यात होती. ३ एप्रिल २००७ रोजी रटगर्स विद्यापीठाच्या मुली बास्केटबॉलची राष्ट्रीय अंतिम लढत टेनेसीकडून ४६-५९ अशी हरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आयमसनं निर्मात्याशी गप्पा मारता मारता त्या मुलींच्या केसांवरून, वर्णावरून आणि चारित्र्यावरून अत्यंत हीन शेरा मारला. विशीच्या आसपासच्या या विद्यार्थिनी हंगामभर झुंजून अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. आठवड्याच्या आत जाहिरातदार पळाले आणि १२ एप्रिलला केंद्राच्या मालक कंपनीनं, सीबीएस रेडिओनं, त्याला काढून टाकलं. त्याच रात्री मुलींनी आणि प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांनी त्याची समोरासमोर भेट घेतली, त्याला ऐकवलं आणि मग माफी स्वीकारली.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. आयमसच्या वकिलांनी कंपनीशी झालेला करारच पुढे केला. उद्धट आणि वादग्रस्त बोलण्यासाठीच त्याला घेतलं होतं, असं त्यात लिहिलेलं होतं. ऑगस्टमध्ये कंपनीनं तडजोड केली आणि डिसेंबरमध्ये आयमस न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या केंद्रावर परतला. म्हणजे वाद विकत घ्यायचा, त्यावर जाहिराती मिळवायच्या आणि वाद अंगलट आला की एका माणसाचा बळी देऊन हात झटकायचे, असा हा व्यवहार. आयमसला काढलं ते योग्यच. पण त्याच्या जिभेवर पैसा कमावणाऱ्यांनाही जाब विचारला जायला हवा होता.

आपल्याकडे खेळांना वाहिलेला गप्पांचा रेडिओ रुजला नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. खेळांची माहिती देता येते, पण स्थानिक सामने सोडले तर थेट वर्णन करता येत नाही. आपली परंपरा आकाशवाणीच्या समालोचनाची. बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचन घराघरांत नेलं, विविध भारतीवर विजय मर्चंट क्रिकेटवर बोलायचे, आणि त्या बोलण्याला सभ्यतेची चौकट असायची. एफएमच्या निवेदकांनी ती मोडली, तेव्हा काय होतं हेही देशानं पाहिलं. २००७ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ जिंकलेल्या दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगवरून दिल्लीच्या एका निवेदकानं नेपाळीभाषकांना चौकीदार ठरवणारा विनोद केला. त्याचे पडसाद सिलीगुडीत उमटले आणि तिथे संचारबंदी लावावी लागली.

आता क्रिकेटच्या गप्पांचा अड्डा यूट्यूबवर आणि पॉडकास्टवर हलला आहे. आयपीएलच्या दिवसांत मराठीतही असे थेट कार्यक्रम रोज होतात. तिथे उशिराची सोय सहसा नसते, रेडिओसारखा नियामक नाही, बहुतेक ठिकाणी निर्माताही नाही. खेळाडूच्या पोटावर, रंगावर, बायकोवर, जातीवर शेरे मारले की प्रेक्षकसंख्या वाढते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० च्या आयपीएलमध्ये टीव्हीवरच्या समालोचनात सुनील गावसकर यांनी विराट कोहलीच्या सरावाबद्दल बोलताना त्याची पत्नी अनुष्का शर्मा हिचा उल्लेख केला, तेव्हा तिनं जाहीर आक्षेप घेतला. टाळेबंदीत घराच्या आवारात ती कोहलीला चेंडू टाकत असल्याच्या चित्रफितीबद्दल आपण बोललो, असा खुलासा गावसकरांनी केला. तो खुलासा मान्य केला तरी अनुष्काचा प्रश्न रास्तच राहतो. नवऱ्याचा खेळ बिघडला की बायकोचं नाव का निघावं?

मराठी क्रीडा वाहिन्या चालवणाऱ्यांनी पुढच्या हंगामाआधी काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. बेतून केलेलं प्रत्येक प्रहसन हवेत जाण्याआधी बाहेरच्या एका माणसानं ऐकावं आणि त्याला नकाराधिकार लेखी द्यावा. आजारी, हरलेली विद्यार्थिनी, खेळाडूची बायको, मैदानावरचा सेवक, म्हणजे ज्यांच्या हाती माइक नाही त्यांच्यावरचे विनोद बंद करावेत. बोलण्याच्या ओघात चूक झाली, तर दुरुस्ती त्याच कार्यक्रमात, त्याच निवेदकाच्या तोंडून व्हावी, दुसऱ्या दिवशीच्या चार ओळींच्या निवेदनातून नव्हे. आणि मालकानं निवेदकाकडून काय अपेक्षा ठेवली आहे, ते करारात स्पष्ट लिहावं. उद्या प्रकरण चिघळलं, तर निवेदकाच्या शेजारी त्या करारावर सही करणाराही उत्तर द्यायला उभा असला पाहिजे.