बंदुका किती पकडल्या, हा प्रश्नच चुकीचा

गावठी कट्टा पकडला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरावीक फोटो येतो. टेबलावर पांढरा कागद, त्यावर पिस्तूल, शेजारी मॅगझिन आणि ओळीनं मांडलेली चार-सहा काडतुसं. मागे पथकातले कर्मचारी, मधोमध बुरखा घातलेला आरोपी. तो पाहून काही जण म्हणतात, यंत्रणा केवढी सक्षम आहे! काही म्हणतात, शस्त्रं बोकाळलीत, कायदा आणखी कडक करा आणि परवाने बंद करा. मला ही दोन्ही मतं मान्य नाहीत. ती का टिकत नाहीत हे पाहायला पनवेलहून पेणकडे जाताना लागणारी कर्नाळ्याची खिंड पुरेशी आहे.

आधी कडक कायद्याचा पक्ष घेऊ, कारण तो फार लोकप्रिय आहे. लॉर्ड लिटननं १८७८ मध्ये शस्त्रकायदा आणला. गोऱ्यांना सूट आणि एतद्देशीयांना परवान्याशिवाय बंदी, असा तो उघड पक्षपाती कायदा होता. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचं बंड उभं राहिलं. फडके शिरढोणचे, म्हणजे खिंडीच्या अलीकडच्या गावचे. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांच्या तुकडीनं पळस्पे आणि चिखली इथे छापे घातले. शस्त्रकायदा होऊन जेमतेम वर्ष लोटलं होतं. (फडक्यांना कट्टेवाल्यांच्या पंगतीला बसवतो आहे असं कुणी समजू नये. मुद्दा कायद्याच्या जरबेचा आहे.)

ते इंग्रजांचं राज्य होतं, असं कुणी म्हणेल. मग १९९३ घ्या. तेव्हा १९८७ चा दहशतवादविरोधी कायदा, टाडा, लागू होता, फाशीपर्यंतची शिक्षा होती. तरी रायगडच्या किनाऱ्यावर ९ जानेवारी १९९३ ला दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला तस्करीच्या शस्त्रांचा माल उतरला. दिघीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवलाही होता. पण पैशाचा वायदा घेऊन आणि तोवर तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेऊन तो सोडला, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं. सीमाशुल्क खात्याचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांनाही याच खटल्यात जन्मठेप झाली. शिक्षा कडक होती, पण ती झाली १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेल्यानंतर, आणि तीही चौदा वर्षांनी.

यावर ठरलेला बचाव असा, की लाच ही माणसांची खोट, यंत्रणेची नव्हे. मी म्हणतो, हीच यंत्रणेची खोट. माणूस विकला जाणार हे गृहीत धरून जी रचना उभी असते तिला क्षमता म्हणायचं. या किनाऱ्यावरून म्हसळ्यामार्गे मुंबईला जाण्याची नेहमीची वाट माणगाव, पेण आणि हीच कर्नाळ्याची खिंड. वाटेत ठाण्यांमागून ठाणी. पण एका नाक्यानं गाडी अडवून सोडली हे पुढच्या नाक्याला कळण्याची सोय नसेल, तर दहा नाके असले काय आणि एक असला काय?

आता सक्षमतेवाल्यांकडे वळू. त्यांचा भर कार्यालयांच्या संख्येवर आहे आणि कार्यालयं खरोखरच कमी नाहीत. खिंडीची पनवेलकडची बाजू नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडते. खारपाड्याला पाताळगंगेचा पूल ओलांडला की पेण तालुका, तिथे रायगडचे पोलीस अधीक्षक. शस्त्रपरवाना अलीकडे बेलापूरला आयुक्तांकडे, पलीकडे अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे. किल्ल्याभोवतीचं पक्षी अभयारण्य १९६८ चं, ते वन्यजीव विभागाकडे. उरणच्या बाजूला बंदर, तिथे सीमाशुल्क. कट्टा मात्र हद्द विचारून फिरत नाही.

आणि कट्टा पकडल्यावर पुढे काय? शस्त्र अधिनियम १९५९ चं ३९ वं कलम सांगतं, की विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार आयुक्तांचा. म्हणजे तोच माणूस, तेच पिस्तूल, पण पुलाच्या अलीकडे धरला तर कागद बेलापूरला, पलीकडे धरला तर अलिबागला. शस्त्र चालू स्थितीत आहे का, त्यातून गोळी सुटली होती का, हे सांगणारा अहवाल न्यायसहायक प्रयोगशाळेचा. मंजुरी नसेल किंवा अहवाल आला नसेल, तर टेबलावरच्या त्या फोटोला कोर्टात काडीची किंमत नाही. पण मंजुरीला किती दिवस लागले, अहवाल कधी आला, खटला टिकला का, हे पेपरात कधी छापून येत नाही. आपण जप्त्या मोजतो, कारण त्या मोजायला सोप्या असतात.

याच खिंडीला लागू होणारं आणखी एक कलम आहे आणि ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं ३४ वं कलम. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकानं आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं; आणि त्या दहा किलोमीटरच्या टापूत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती घ्यायची. ते बसतात नागपूरला. शिरढोण, तारा, खारपाडा ही सगळी गावं या टापूत येतात, आणि टापू आयुक्तालय आणि जिल्हा अशा दोन्ही हद्दींत पसरलेला आहे. कलम उत्तम आहे. पण त्यासाठी बेलापूरची यादी, अलिबागची यादी आणि वनखात्याची यादी कुणीतरी एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायला हवी. ज्या दिवशी कुणी सामान्य नागरिकानं विचारलं आणि तिन्ही याद्या जुळल्या, त्या दिवशी मी यंत्रणेला सक्षम म्हणेन.

परवाने बंद करा म्हणणाऱ्यांचा समाचार थोडक्यात घेतो. कोकणातल्या शेतकऱ्याकडची ठासणीची बंदूक ही देशातली सगळ्यात आज्ञाधारक बंदूक. तिचा परवाना आहे, नूतनीकरणाची तारीख आहे. निवडणूक लागली की जमा करण्याची पहिली नोटीस तिलाच, आणि तेवढ्या दिवसांत डुकरं-माकडं पीक फस्त करतात ते वेगळंच. कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीनं नाव बघून ठरवायचं असतं, पण सरसकट जमा करून घेणं सोपं पडतं. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’चा २०१७ चा अंदाज असा, की भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका आहेत आणि त्यांतल्या नोंदवलेल्या फक्त ९७ लाखांच्या आसपास. तो अंदाजच आहे, त्यातल्या आकड्यांवर मी शपथ घेणार नाही. पण परवानाधारकाला पिळून नोंद नसलेल्या बंदुका कशा कमी होणार, हे कुणी समजावून सांगावं.

नोंदीची ताकद याच रायगड जिल्ह्यात दिसली आहे. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. जिल्हाभर नाकाबंदी झाली. पण बोट कुणाची, कुठून निघाली, ओमानजवळ कशी सोडून दिली, हे त्याच संध्याकाळपर्यंत विधानसभेत सांगता आलं, कारण त्या बोटीची कुठेतरी नोंद होती. याउलट कट्ट्याच्या नळीवर क्रमांक नसतो. असलाच तर ‘मेड इन यूएसए’ असा विनोदी शिक्का. तो बनलेला असतो बहुधा मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीसारख्या गावात, आपल्या चोपडा तालुक्याला खेटून. पिस्तूल धरणारं ठाणं इकडे, भट्टी तिकडच्या राज्यात. २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा शस्त्र बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं केली. पण प्रत्येक जप्तीमागे ‘हे कुणी घडवलं’ याचा माग राज्याबाहेरपर्यंत काढलाच नाही, तर ती सात वर्षं वाहून आणणाऱ्या पोराला सोडून दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येतच नाहीत. २०२५ मध्ये पुण्याचे पोलीस उमर्टीपर्यंत गेले आणि तिथल्या भट्ट्या मोडल्या. तो रस्ता बरोबर होता. फक्त तो एखाद्या धडाडीच्या पथकाच्या मर्जीवर राहू नये. तिथल्या शिकलगार समाजाला सरसकट गुन्हेगार ठरवणं हा मात्र आळशीपणा. त्यांच्या हातातलं लोहारकाम दुसऱ्या धंद्याला लावणं हेही शस्त्रनियंत्रणच आहे, पण त्याचा फोटो निघत नाही.

जगात हे सगळं कुणी ओळखलेलं नाही असंही नाही. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लहान शस्त्रांवरचा कृतिकार्यक्रम मान्य केला, २००५ मध्ये शस्त्रांवर खूण असावी आणि तिच्यावरून माग काढता यावा यासाठीची व्यवस्था. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २००४ मध्ये नैरोबीत, पश्चिम आफ्रिकेतल्यांनी २००६ मध्ये आपसांत करार केले. त्यांची अंमलबजावणी लंगडी आहे, हे खरं. पण शेजाऱ्याशिवाय हे काम होत नाही एवढं त्यांनी कागदावर तरी कबूल केलं. आपल्याकडे दोन देशांचं सोडा, पाताळगंगेच्या दोन काठांना ते कबूल करायचं आहे.

म्हणून मागणी एवढीच. नवी मुंबईचे आयुक्त आणि रायगडचे जिल्हाधिकारी यांनी दर वर्षी काही आकडे जाहीर करावेत: पकडलेल्या बेकायदा शस्त्रांच्या किती खटल्यांना मंजुरी मिळाली आणि किती दिवसांत, किती प्रकरणांत बनवणाऱ्यापर्यंत माग गेला, किती जणांना शिक्षा झाली, आणि कर्नाळ्याच्या दहा किलोमीटरच्या टापूतल्या परवानाधारकांपैकी किती जण वनखात्याच्या नोंदीत आहेत. यातली एकही बाब गोपनीय नाही. ते स्वतःहून देणार नसतील, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. पनवेल, पेण, उरणच्या वाचकांनी तो करावा.