भीक घालावी की न घालावी?

सिग्नलपाशी गाडीच्या काचेवर टकटक झाली की सुशिक्षित माणूस एकाएकी अर्थशास्त्रज्ञ होतो. भिकेने आळसाला उत्तेजन मिळते, यांच्यामागे टोळ्या असतात, धडधाकटांनी काम करावे, असे सिद्धान्त त्याला सुचू लागतात. हे शास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला एवढेच म्हणावेसे वाटते की एका नाण्याने देशातील आळस वाढत नाही, आणि दारिद्र्यही हटत नाही.

१९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने मात्र दारिद्र्यालाच गुन्हा ठरवले. वॉरंटाशिवाय अटक, पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात स्थानबद्धता, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ती दहा वर्षांपर्यंत! उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी हिंडणे, हीदेखील त्याच्या व्याख्येत भीकच. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती त्यातील दंडात्मक कलमे घटनाबाह्य ठरवली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. तरीही इंदूर शहरात १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचे फर्मान निघाले. शहर सुंदर दिसावे, ही त्यामागची खरी तळमळ.

माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्यांची चरित्रे आपण आदराने वाचतो. त्या भिक्षेला प्रतिष्ठा होती, कारण मागणारा उच्चवर्णीय होता. उड्डाणपुलाखालच्या म्हातारीपाशी ना जात आहे ना पोथी. म्हणून तिची भूक तेवढी गुन्हा ठरते.

अशांसाठी योजना नाहीत, असे नाही. निराधार वृद्धांना महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी राज्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. जिला छप्पर नाही, तिने वास्तव्याचा पुरावा कोठून आणावा? केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीचा वाटा कित्येक वर्षे २०० रुपयांवरच थांबला आहे. महागाई थांबलेली नाही. खेड्यात निदान रोजगाराची हमी मागता येते. शहरातल्या फुटपाथवर तीही नाही.

तेव्हा भीक घालावी का? वृद्धाच्या, अपंगाच्या हातावर जमेल ते खुशाल ठेवावे. त्याची उलटतपासणी घेऊ नये. मात्र ते ठेवून आपण ऋणमुक्त झालो, असे मानू नये. तिच्या अर्जासाठी तहसील कचेरीत एक खेप घालणे हे नाण्याहून कठीण, म्हणून अधिक मोलाचे. वास्तव्याच्या दाखल्याची अट बेघरांसाठी शिथिल व्हावी, आणि १९५९ चा हा कायदा महाराष्ट्रातून कायमचा जावा, यासाठी प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला जाब विचारावा. दया ज्याची त्याने ठरवावी; न्याय मात्र सर्वांनी मिळून मागावा लागतो.